एकूण कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग बिघडलं कुठे?

साखरेचा हिशोब : लेखांक ६

गेल्या आठवड्यात एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, पाहिली; आता त्याच रिपोर्टचं पुढचं पान. अंबरनाथ पश्चिमेकडची नोकरदार मुलगी सकाळी उपाशीपोटी रक्त देते, डबा सांभाळत लोकल गाठते आणि संध्याकाळी परतताना फोनवर आलेला रिपोर्ट उघडते. समजा वय २९, एचबीएवनसी ७.४, एकूण कोलेस्टेरॉल १७६, एलडीएल १०४, ट्रायग्लिसराइड १९०, एचडीएल ३४. एकूण आकडा २००च्या आत आहे, त्यामुळे घरात सगळे निर्धास्त.

माझ्या मते या रिपोर्टमधला सर्वात फसवा आकडा तोच, १७६. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, घसरलं की बेरीजही कमी दिसते. बायकांमध्ये एचडीएल ५०च्या वर हवं. पुरुषांसाठी ही रेषा ४० आहे. मासिक पाळी चालू असलेल्या वयात इस्ट्रोजेनमुळे बायकांचं एचडीएल सहसा पुरुषांपेक्षा जास्त असतं आणि हृदयविकारही उशिरा गाठतो. मधुमेह नेमकी हीच सवलत काढून घेतो. २०१४ साली ६४ अभ्यासांमधल्या साडेआठ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका जितक्या पटीने वाढतो, ती पट स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा ४४ टक्क्यांनी मोठी निघाली.

हे घडतं कसं? इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की पोटावरची चरबी फॅटी अॅसिड रक्तात सोडत राहते. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड बनवून परत रक्तात पाठवतं. तिथे सीईटीपी नावाचं प्रथिन अदलाबदल करतं: ट्रायग्लिसराइड एचडीएलच्या कणात शिरतं, कोलेस्टेरॉल बाहेर पडतं. असा कण लवकर मोडतो आणि मूत्रपिंडावाटे त्याचा निकाल लागतो. म्हणून १९० आणि ३४ हे आकडे सुटे वाचू नका. ती एकाच बिघाडाची दोन टोकं आहेत.

त्यात भर दाहाची. हा दाह गळवासारखा लाल होत नाही, ठणकत नाही. पोटातल्या चरबीत जमलेल्या पांढऱ्या पेशी आयएल-६सारखी रसायनं सोडतात आणि त्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन तयार करतं. त्याच वेळी सीरम अमायलॉइड ए नावाचं प्रथिन वाढतं आणि एचडीएलच्या कणातलं मूळ प्रथिन हटवून स्वतः जागा घेतं. मग उरलंसुरलं एचडीएलसुद्धा रक्तवाहिन्यांतलं कोलेस्टेरॉल पूर्वीसारखं उचलत नाही.

‘मी तर बारीक आहे’ हे उत्तर इथे चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांतही त्यांना हेच दिसलं: वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरंच कमी, तरी चरबी राखलेली. म्हणून वजनकाट्याआधी शिवणाची टेप घ्या. आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर आहे. आयसीएमआरच्या ज्या पाहणीत महाराष्ट्रही होता, तिच्यात ७२.३ टक्के लोकांचं एचडीएल कमी आढळलं.

मग एचडीएल वाढवायची गोळी का नाही? करून पाहिली. टॉर्सेट्रापिबने आकडा छान चढला, पण मृत्यू वाढले, आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. आकडा फुगवून उपयोग नाही. मुळातली साखर, पोट आणि ट्रायग्लिसराइड खाली आणावं लागतं. लोकलमध्ये तासभर उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे, हे जरा कडू वाटेल. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास चालणं मात्र लागू पडतं, कारण मांड्यांचे स्नायू साखर थेट वापरतात. संध्याकाळच्या चहासोबतची खारी-बिस्किटं काढून मूठभर फुटाणे किंवा मोडाची मटकी आणली, तरी ट्रायग्लिसराइडवर फरक पडतो.

दाह मोजणारी एचएस-सीआरपी तपासणी सर्दी-ताप किंवा दाढदुखी असताना करू नका. आकडा भलताच येतो. गर्भनिरोधक गोळ्यांनीही तो वाढतो, तेव्हा डॉक्टरांना तसं सांगा. तीनच्या वर म्हणजे जास्त, दहाच्या वर आला तर आधी संसर्ग शोधायचा आणि बरं झाल्यावर पुन्हा तपासायचं. रक्तातलं लोह कमी असेल तर एचबीएवनसीही खोटं वर दिसू शकतं, म्हणून हिमोग्लोबिन सोबत पाहावं. मधुमेह असताना मूल हवं असेल, तर आधीच डॉक्टरांना विचारा. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या तेव्हा बंद कराव्या लागतात.

पुढच्या आठवड्यात : पाळी अनियमित, हनुवटीवर केस आणि साखर वर, पीसीओएसचं या सगळ्याशी नातं.