आग्या मोहोळ आणि घरची थैली

अजिंठ्याच्या डोंगरांच्या उत्तरेस वसलेल्या जामनेर तालुक्यांत आग्या मोहोळाचें भय कोणास नाहीं? दंशानें बहुतेकांस केवळ सूज येते. पण एखाद्यास अंगभर पित्त उठतें, घसा आवळतो, नाडी बुडूं लागते. अशा वेळीं पित्ताच्या गोळीवर विसंबणें प्राणावर बेततें. पहिला उपाय एकच: मांडीच्या बाहेरील स्नायूंत अॅड्रिनॅलिनची सुई.

अमेरिकेंत या औषधाच्या दोन तयार सुयांची किंमत २०१६ सालीं सहाशें डॉलरांवर गेली व मोठा गहजब झाला. आपल्याकडे एक मिलिग्रॅमची काचेची कुपी थोडक्या रुपयांत मिळते. म्हणजे महाग होती ती सुईची घडण, औषध नव्हे. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य आहेत. तेव्हां खर्चाच्या धास्तीनें घरीं थांबूं नये. १०८ क्रमांकास तत्काळ कळवावें.

ज्यास पूर्वीं असा झटका आला आहे, त्याच्या घरच्यांनीं डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्यावी, कुपी उजेड व उष्णतेपासून जपावी, आणि निदान दोघांनीं टोचण्यास शिकावें. आपल्या शेतगड्याच्या घरीं असा रोगी असेल, तर कुपीचा खर्च मालकानें उचलावा. तो फारसा नाहीं. दिरंगाईचें मोल मात्र प्राणांनीं चुकवावें लागतें.