दोन ठिपक्यांची गोची

चॅटमध्ये कंसाच्या आधी लावला की ते डोळे होतात. घड्याळात तो तास आणि मिनिटं वेगळी करतो. नोटीस बोर्डावर ‘विषय’ या शब्दापुढे तो वर्षानुवर्षं उभा असतो. एकावर एक दोन ठिपके, म्हणजे कोलन. शाळेच्या व्याकरणात त्याला अपूर्णविराम म्हणायचे. एक मार्काचा प्रश्न यायचा, आपण उत्तर लिहायचो आणि विसरून जायचो.

आता मात्र तो रोज भेटतो. इंटर्नशिपचा ईमेल, प्रोजेक्टचं टायटल, फेस्टचं पोस्टर, इन्स्टाची कॅप्शन, सगळीकडे. आणि बऱ्याचदा चुकीच्या जागी. ‘चालतंय की, कोण बघतंय?’ असं वाटत असेल, तर थांबा. माणूस समजून घेतो, कॉम्प्युटर नाही घेत. आणि कधी कधी एका कोलनवर अख्ख्या बातमीचा अर्थ अवलंबून असतो.

हा आला कुठून?

आपल्या जुन्या पोथ्यांमध्ये कोलन नव्हता. वाक्य संपलं की उभा दंड, बस्स. मोडी लिपीत तर शब्दांमध्ये जागा सोडायचीही पद्धत नव्हती, ओळ सलग पुढे जायची. इंग्रजी वळणाची विरामचिन्हं मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, छापखान्यांच्या काळात. त्याचं मोठं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला हा अधिकारी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात होता. १८५० मध्ये त्याचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक आलं. म्हणजे कोलन आपल्याकडे पाहुणा म्हणून आला आणि घरचाच झाला. फक्त घरात त्याच्यासारखा दिसणारा एक जण आधीपासून राहत होता, आणि सगळी गोची तिथेच आहे.

जुळे दिसतात, भाऊ नाहीत

तो दुसरा म्हणजे विसर्ग. दुःख, स्वतः, अंतःकरण, निःशब्द, विशेषतः, अक्षरशः या शब्दांत जे दोन ठिपके दिसतात ते कोलन नाहीत. विसर्ग हा अक्षराचा भाग आहे, त्याला उच्चार आहे. ‘दुःख’ म्हणताना आपण ‘दुक्ख’ असा जोर देतो ना, तो विसर्गामुळे. कोलनला उच्चारच नाही. तो फक्त सांगतो की जरा थांबा, पुढे काहीतरी येतंय.

कागदावर हाताने लिहिताना दोघांत फरक कळत नाही आणि काही बिघडतही नाही. टाइप करताना मात्र बिघडतं. युनिकोडमध्ये दोघांचे नंबर वेगळे आहेत, म्हणजे कॉम्प्युटरसाठी ती दोन वेगळी चिन्हं. घाईत कोलनची की दाबून ‘दु:ख’ लिहिलं, तर डोळ्यांना ते ठीक दिसतं. पण ऐंशी पानांच्या प्रोजेक्टमध्ये ‘दुःख’ सर्च केलं, तर कोलनवालं सापडत नाही. त्याच शब्दाचा हॅशटॅग केला तर तो ‘दु’ वरच तुटतो, कारण हॅशटॅग विरामचिन्हापाशी संपतो. आणि आपल्याच वर्गातला एखादा दृष्टिहीन मित्र स्क्रीन रीडरवर आपल्या नोट्स ऐकत असेल, तर त्याच्या कानावर तो शब्द मधेच तुटून पडू शकतो. आपला एका कीचा आळस, त्याला अर्थ लावायची कसरत.

उपाय सोपा आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून हायफनची की दाबली की विसर्ग येतो. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर तो मात्रांच्या आसपास सापडतो. एकदा जागा शोधून ठेवा, पुढे बोट आपोआप तिथे जातं.

विसर्गाशी गोंधळ नको म्हणून मराठीत कोलनच्या आधी थोडी जागा सोडणं सोयीचं पडतं. ‘विषय : रजेचा अर्ज’ असं लिहिलं की ठिपके ‘य’ ला चिकटत नाहीत. काही जण जागा न सोडता लिहितात, तेही चालतं. पण एका मजकुरात एकच पद्धत ठेवा.

मग वापरायचा कधी?

कोलनचं काम एका ओळीत सांगायचं तर आधी उत्सुकता, मग उत्तर. डावीकडचा भाग शब्द देतो, उजवीकडचा तो पाळतो. ही उदाहरणं बघा.

सबमिशनच्या दिवशी तीन गोष्टी हमखास बंद पडतात : प्रिंटर, वायफाय आणि लिफ्ट.

परीक्षा झाली, सुट्टी संपली, एकच गोष्ट राहिली : निकाल.

दोन्हीकडे कोलनच्या आधीचं बोलणं पूर्ण झालंय. ‘तीन गोष्टी’ म्हटल्यावर वाचणारा विचारतो, कुठल्या? ‘एकच गोष्ट’ म्हटल्यावर विचारतो, कोणती? त्या प्रश्नाच्या जागी कोलन बसतो. असा प्रश्न पडतच नसेल, तर कोलनची गरज नाही.

अर्धविराम, म्हणजे सेमीकोलन, याच्याशी त्याची गल्लत करू नका. अर्धविराम दोन बरोबरीची वाक्यं शेजारी बसवतो. कोलनमध्ये बरोबरी नसते. एक बाजू विचारते, दुसरी सांगते.

आता सीव्हीमधली नेहमीची गडबड. ‘माझे छंद आहेत: वाचन, ट्रेकिंग आणि फोटोग्राफी.’ हे वाक्य इंग्रजीत विचार करून मराठीत उतरवलंय. मराठीत क्रियापद साधारणपणे शेवटी येतं. त्यामुळे ‘मला वाचन, ट्रेकिंग आणि फोटोग्राफी आवडते’ असं सरळ लिहिलं की झालं, कोलन हवाच कशाला? यादीच द्यायची असेल तर ‘छंद : वाचन, ट्रेकिंग, फोटोग्राफी’. दोन्ही बरोबर आहे, मधलं अधांतरी आहे.

ईमेलच्या सब्जेक्टच्या चौकटीत पुन्हा ‘विषय :’ लिहू नका, ती चौकट विषयाचीच आहे. ‘महोदय’ नंतर आपल्याकडे स्वल्पविराम देतात, कोलन नाही. ‘सूचना :-’ मधली ती शेपटी टाइपरायटरच्या जमान्यातल्या कागदांवर भरपूर दिसते. आज नुसता कोलन पुरतो. आणि प्रोजेक्टची फाइल सेव्ह करताना नावात कोलन टाकलात तर विंडोज ते नाव घेणारच नाही. तिथे हायफन वापरा.

वेळेचंही तसंच. एक्सेलमध्ये इव्हेंटचं टाइमटेबल करताना दहा आणि तीसच्या मध्ये टिंब दिलं, तर एक्सेल ती दशांश संख्या समजून शेवटचं शून्य खाऊन टाकतं. कोलन दिला की त्याला वेळ कळते.

हेडलाइनमधला साक्षीदार

सगळ्यात जपून वापरायचा कोलन असतो बातमीच्या मथळ्यात. समजा मथळा असा आहे :

‘कॉलेज सोमवारी बंद : विद्यार्थी संघटना’

इथे कॉलेज बंद आहे असं पेपर म्हणत नाहीये. तसं विद्यार्थी संघटना म्हणतेय. कोलन इथे ‘असं अमुक म्हणतात’ या तीन शब्दांचं काम करतो. आता कुणीतरी या मथळ्याचा अर्धाच भाग कॉपी करून ग्रुपवर टाकला, ‘कॉलेज सोमवारी बंद’. झालं! एका बाजूचा दावा पाच मिनिटांत पक्की बातमी झाला. त्या दिवशी प्रॅक्टिकल असेल आणि कुणी त्या भरवशावर गावाला निघून गेलं, तर नुकसान खरं होतं.

म्हणून मथळा वाचताना कोलनच्या पलीकडे कोण उभं आहे ते आधी बघा. प्राचार्य आहेत, विद्यापीठ आहे, की ‘सूत्र’ आहेत? फॉरवर्ड करताना ते नाव कापू नका. आणि स्वतः कॉलेजच्या मॅगझिनसाठी किंवा पेजसाठी मथळा करत असाल, तर दुसऱ्याचं म्हणणं आपल्या नावावर खपवू नका. जागा कमी असली तरी दोन ठिपके मावतात.

आज रात्री ‘सेंड’ करण्याआधी फक्त तीन गोष्टी तपासा : विसर्गाच्या जागी विसर्ग आहे ना, कोलनच्या आधीचं बोलणं पूर्ण झालंय ना, आणि मथळ्यात बोलणाऱ्याचं नाव शाबूत आहे ना. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.