बॅटरीचा झटका : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बंगळूरच्या एस. पी. रोडवरील दुकानांतून रोध, धारित्रे, रिले आणि लहानमोठी रोहित्रे सुटी विकत मिळतात, आणि विद्युत्शास्त्राचा ओनामा गिरवणाऱ्या विद्यार्थ्याला, हातात धरताच हलका झटका देणारी गमतीची डबी स्वतः बनवावी, असा मोह त्यामुळे सहज होतो. त्या मोहात वावगे काही नाही; मात्र या डबीविषयी रूढ असलेल्या समजांपैकी काही नुसते चुकीचे, तर काही जिवावर बेतणारे असल्यामुळे, काम हाती घेण्यापूर्वी त्यांची शहानिशा करणे इष्ट होय.

गैरसमज १ : झटका बॅटरीच देते.

वस्तुस्थिती : कोरड्या त्वचेचा रोध एक लाख ओहम धरला, तर ९ व्होल्टच्या बॅटरीची टोके बोटांनी धरली असता शरीरातून ०.०९ मिलिअँपिअर प्रवाह वाहील, आणि सुमारे १ मिलिअँपिअरपर्यंत त्याची जाणीवही सहसा होत नाही. झटका येतो तो वेटोळ्यामुळे. लोखंडी गाभ्यावरील वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला की, जोराने वाहणारा नळ झटकन बंद करताच नळीला हादरा बसावा त्याप्रमाणे, चुंबकक्षेत्र लयाला जाताना वेटोळ्याच्या टोकांशी क्षणमात्र शेकडो व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊ शकतो. मायकेल फॅराडे यांनी १८३१ साली शोधलेल्या प्रवर्तनाचाच हा अंमल.

गैरसमज २ : रोहित्र उलटे जोडले की बॅटरीचा दाब वाढतो.

वस्तुस्थिती : रोहित्र दाद देते ती केवळ बदलत्या प्रवाहाला. शिवनसमुद्रच्या केंद्रातून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना आणि १९०५ साली बंगळूरला जी वीज मिळू लागली, ती प्रत्यावर्ती होती, म्हणूनच तिचा दाब चढवून ती दूरवर धाडता आली. बॅटरीचा प्रवाह एकदिश असल्याने, ती जोडून तशीच ठेवली तर आरंभीच्या क्षणानंतर दुय्यम वेटोळ्यात काहीच उमटत नाही. तारा तापतात आणि बॅटरी रिती होते, इतकेच. प्रवाह वारंवार तोडण्याची जी कामगिरी जुन्या उपकरणांत थरथरणारी लोखंडी पट्टी करी, ती आता रिले किंवा ट्रान्झिस्टर करतो. शिवाय दाब जितक्या पट चढतो, तितक्या पट प्रवाह निदान उतरतोच. रोहित्र ऊर्जा निर्माण करीत नाही.

गैरसमज ३ : माणूस मरतो तो अँपिअरने, व्होल्टने नव्हे.

वस्तुस्थिती : हे अर्धसत्य आहे, कारण प्रवाह किती वाहणार हे दाब आणि रोध हे दोघे मिळूनच ठरवतात. अंग ओले असता शरीराचा रोध एक हजार ओहमपर्यंत उतरू शकतो, आणि मग घरातील २३० व्होल्टांचा दाब २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहवतो. अशा प्रत्यावर्ती प्रवाहात १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते, आणि सुमारे १०० मिलिअँपिअर छातीतून सेकंदभर वाहिला तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो.

गैरसमज ४ : बॅटरीवर चालते, म्हणजे निर्धोक.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत घातक. ०.१ हेन्रीच्या वेटोळ्यात ०.२ अँपिअर प्रवाह असता त्यात साठलेली ऊर्जा ०.००२ ज्यूल भरते. उलट जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये दीड व्होल्टचाच सेल धारित्राला ३०० व्होल्टांपर्यंत भारित करतो, आणि १०० मायक्रोफॅरडच्या धारित्रात तेव्हा साडेचार ज्यूल, म्हणजे दोन हजारांहून अधिक पट ऊर्जा साठते. सेल काढून घेतल्यावरही ती काही काळ तशीच राहते. म्हणून फ्लॅशच्या मंडळातून झटक्याची डबी बनवण्याच्या फंदात नवशिक्याने पडू नये.

बॅटरीवर किती व्होल्ट लिहिले आहेत, यावरून सुरक्षिततेचा निवाडा होत नाही. ऊर्जा कोठे साठते, किती साठते आणि शरीरातून कोणत्या वाटेने जाते, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. डबीची दोन्ही टोके एकाच हाताच्या बोटांना लागतील अशी तजवीज करावी, म्हणजे प्रवाह छातीतून जाणार नाही. बॅटरीऐवजी भिंतीतल्या विजेवरचा अडॅप्टर कदापि जोडू नये. पेसमेकर बसवलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीच्या हाती ती देऊ नये. समोरच्याच्या प्रकृतीची माहिती डबी बनवणाऱ्याला बहुधा नसतेच, म्हणून पूर्वसूचना देऊन आणि संमती घेऊनच हा खेळ करावा. अचानकपणाची गंमत त्यात उणावते, पण ती किंमत वाजवी आहे.