वेबसाइटची कमाई, लेखांक ७ : घरच्यांचे क्लिक

गूगलच्या ॲडसेन्सचं अप्रूव्हल आलं, पानावर पहिली जाहिरात झळकली, की लिंक सगळ्यात आधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते. ‘आपली साइट सुरू झाली, बघा.’ इथवर ठीक. मग कुणी काका विचारतात, ‘जाहिरात दाबली की तुला पैसे मिळतात का रे?’ उत्साहात ‘हो’ म्हटलं जातं, आणि त्या रात्री आत्या, मावशी, कॉलेजचे दोन मित्र असे सगळे मनापासून जाहिराती दाबत बसतात. चोरीचा मजकूर टाकू नये, हे मागच्या लेखांकात पाहिलं. ते नवख्यांनाही पटतं. आपल्या माणसांची ही मदत मात्र कुणाला गुन्हा वाटत नाही, आणि म्हणूनच ती जास्त धोक्याची.

गूगलच्या लेखी हे अवैध ट्रॅफिक. स्वतःच्या साइटवरची जाहिरात स्वतः दाबणं, दुसऱ्याला दाबायला सांगणं, ‘तू माझी दाब, मी तुझी दाबतो’ छापाचे टेलिग्राम ग्रुप, क्लिक करण्यासाठी पैसे मोजून आणलेले व्हिजिटर हे सगळं त्यात आलं. ‘जाहिरात कुठे उघडते ते नुसतं पाहत होतो’ ही सबबही चालत नाही. क्लिक कुणी केलं याला फारसं महत्त्व नाही; साइटवर येणाऱ्या ट्रॅफिकची जबाबदारी साइटच्या मालकाचीच.

नियम एवढा कडक का, हे कळायला पैसा कुणाच्या खिशातून येतो ते पाहावं. गूगल मधला हिशेबनीस. पैसे मोजतो तो जाहिरातदार. एखाद्या शहरात इंग्रजी संभाषणाचा क्लास चालवणाऱ्या बाईंनी महिन्याला थोडी रक्कम जाहिरातीला काढली असेल, तर तुमच्या आत्याच्या दहा क्लिकांनी त्यांना एकही विद्यार्थी मिळत नाही. अवैध ठरलेल्या क्लिकांचे पैसे शक्य तिथे जाहिरातदाराला परत जातात आणि तुमच्या मिळकतीतून वजा होतात. डॅशबोर्डवरची ‘अंदाजे मिळकत’ आणि महिनाअखेरचा आकडा जुळत नाही, त्याचं एक कारण हेच.

२०२४ पासून ॲडसेन्स साइटमालकाला मुख्यतः क्लिकवर नव्हे, तर जाहिरात दिसण्यावर, म्हणजे इम्प्रेशनवर पैसे देतं. त्यामुळे ‘आता क्लिकची भानगडच संपली’ असं सांगणारे व्हिडिओ निघाले. संपलेली नाही. पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करून वाढवलेली इम्प्रेशन तितकीच अवैध.

न सांगताही चुकीचे क्लिक होतात, ते मांडणीमुळे. मराठीतल्या नोकरभरतीच्या साइट पाहा. ‘मूळ जाहिरात डाउनलोड करा’ या बटणाला अगदी चिकटून गूगलची जाहिरात, तिच्यावरही हिरवं ‘डाउनलोड’. पोरगं पोलीस भरतीची पीडीएफ शोधतंय आणि उघडतंय भलतंच ॲप. हे मुद्दाम केलेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण हेतू काहीही असो, नियम मोडतोच. जाहिरात मेनू, बटण, डाउनलोडची लिंक यांच्यापासून लांब हवी. वर मथळा द्यायचाच तर ‘जाहिरात’ एवढाच. ‘उपयुक्त दुवे’ म्हटलंत की वाचकाची फसवणूक झाली.

नियम मोडल्यावर दर वेळी एकदम कुऱ्हाड पडत नाही. कधी साइटवर दिसणाऱ्या जाहिरातींवर काही काळ मर्यादा येते; कधी थेट अकाउंट बंद होतं. अपील करता येतं, पण त्याच्या भरवशावर राहू नये. अशा वेळी बायकोच्या किंवा भावाच्या नावाने दुसरं अकाउंट काढायचा सल्ला हमखास मिळतो. ही पळवाट घेऊ नका. दोन्ही अकाउंट एकाच साइटशी जोडलेली आहेत हे शोधणं गूगलला अवघड नाही.

ॲनालिटिक्समध्ये मात्र नियमित डोकवावं. रोज दोनशे वाचक येणाऱ्या साइटवर अचानक एका अनोळखी देशातून हजारो लोक आले, तर आनंद करण्याआधी ते कुठल्या लिंकवरून आले ते पाहा. संशयास्पद क्लिक गूगलला कळवण्यासाठी वेगळा फॉर्म आहे; तो भरावा आणि त्या दिवसांची नोंद स्वतःकडेही ठेवावी.

परदेशातला मराठी वाचक हा खरा आणि हवासा ट्रॅफिक. तिथे नियम वेगळ्या बाजूने येतो. युरोपीय देशांत किंवा ब्रिटनमध्ये कुणी तुमचं पान उघडलं, तर कुकीज आणि माहितीच्या वापरासाठी त्याची संमती घ्यावी लागते, आणि १६ जानेवारी २०२४ पासून ती गूगलने प्रमाणित केलेल्या व्यवस्थेतूनच. ॲडसेन्समध्ये गोपनीयतेच्या विभागात तो संदेश तयार मिळतो. म्युनिकमधले चार-दोन वाचक असले तरी तो लावून टाकावा. पैसे पडत नाहीत.