टेन्शनमुळे सांधे सुजतात का? आमवात आणि आपल्या नसांचं वायरिंग

घरात कुणाला आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असेल, तर हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल: "टेन्शन घेऊ नकोस, आपोआप बरं वाटेल." माझ्या मावशीला ते इतक्या जणांनी ऐकवलं की शेवटी मीच वाचायला बसले. मी डॉक्टर नाही, कोड लिहिते. पण सिस्टीम आतून कशी चालते हे बघायची खोड आहे. आणि त्या वाक्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

आधी आजार समजून घेऊ. यात आपलीच इम्यून सिस्टीम सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. बोटं, मनगटं सुजतात, सकाळी उठल्यावर तासभर हात आखडलेले राहतात. हे काही फक्त म्हातारपणाचं दुखणं नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमने १९९६ साली सोलापूर रोडवरच्या भिगवणला घरोघरी जाऊन पाहणी केली. तिथे मोठ्या माणसांत साधारण दोनशेत एकाला हा आजार दिसला.

मग यात टेन्शन कुठून आलं?

आपल्या नर्व्हस सिस्टीमला गाडीसारखा एक अ‍ॅक्सलरेटर आहे आणि एक ब्रेक. ताण आला की अ‍ॅक्सलरेटर पिळला जातो: धडधड वाढते, झोप उडते. ब्रेकचं काम मुख्यतः व्हेगस नावाची नस करते. ती मेंदूतून निघून मानेतून छातीत आणि पोटात उतरते. अमेरिकेतले डॉ. केविन ट्रेसी यांनी दाखवलं, की ही नस फक्त हृदय शांत करत नाही. तिच्या सिग्नलमुळे प्लीहेतल्या पेशी टीएनएफ नावाचं रसायन कमी बनवतात. आणि आमवातात सांधे सुजवणाऱ्यांत हे टीएनएफ पुढे असतं. या आजाराची काही महागडी इंजेक्शनं त्यालाच अडवतात.

म्हणजे ताण बरेच दिवस टिकला, की ब्रेक ढिला पडतो आणि सूज वाढायला वाव मिळतो. त्यात झोप बिघडली की तेवढीच सूज जास्त दुखते. दुखलं की पुन्हा झोप नाही. असा हा लूप. त्यामुळे "ऑफिसच्या डेडलाइननंतर हात जास्त दुखतात" असं कुणी सांगितलं, तर ते मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नका.

या ब्रेकवर आता उपचारही आलाय. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मानेत, व्हेगस नसेवर बसवायच्या एका छोट्या उपकरणाला मंजुरी दिली. ते दिवसातून एक मिनिट त्या नसेला सिग्नल देतं. पण ते इंजेक्शनांनीही पुरेसा फरक न पडलेल्या पेशंटसाठी आहे.

आता "आपोआप बरं वाटेल" बद्दल. दिल्लीच्या एम्समध्ये ७२ पेशंटवर आठ आठवड्यांचा योगाचा अभ्यास झाला. योग करणाऱ्या गटात नैराश्य आणि सुजेची लक्षणं कमी झाली. मात्र त्यांची नेहमीची औषधं चालूच होती, आणि हाच भाग व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये गळतो. औषध सोडलं तर सूज आतून हाड झिजवत राहते, आणि वाकडं झालेलं बोट प्राणायामाने सरळ होत नाही.

म्हणून घरच्यांसाठी तीन गोष्टी.

एक, झोपेची वेळ सांभाळा. रात्रीची कामं वाटून घ्या.

दोन, रोज थोडं चालणं आणि दहा मिनिटं संथ श्वास, श्वास सोडताना जास्त वेळ घेऊन. सांधा गरम, सुजलेला असेल त्या दिवशी त्याच्यावर जोर नको.

तीन, मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती गोळी आमवातासाठी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. फोनमध्ये वार ठरवून रिमाइंडर लावा. रक्ततपासणी चुकवू नका आणि गोळी बंद करायचा निर्णय डॉक्टरांवरच सोडा.

आणि "टेन्शन घेऊ नकोस" म्हणण्याऐवजी, तिचं एखादं टेन्शन आपण घ्या. डबा, गॅसचा नंबर, दवाखान्याची अपॉइंटमेंट, काहीही चालेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!