बिऱ्हाडं आणि बाकं

दिल्लीच्या शाळा बाहेरून आलेल्यांनीच भरल्या. १९११ मध्ये राजधानी कलकत्त्याहून इथे हलवायचं ठरलं आणि कचेऱ्यांच्या मागोमाग देशभरातून कारकुनांची बिऱ्हाडं आली. मुलांच्या भाषेचं काय, याचं उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं. तमिळ मंडळींनी १९२३ मध्ये शिक्षणसंस्था काढली, १९२५ मध्ये रायसीना बंगाली शाळा सुरू झाली, पहाडगंजात नूतन मराठी उभी राहिली. दुर्गाबाईंनी (पुढे त्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी झाल्या) १९४८ मध्ये आंध्र एज्युकेशन सोसायटी स्थापली. ठरलेला पगार, सरकारी क्वार्टर आणि अर्ज लिहिता येणारे हात, एवढं गाठीशी असलं की भाषेला छप्पर मिळतं.

फाळणीने चित्र पालटलं. १९४१ ची साडेनऊ लाखांच्या आतली वस्ती १९५१ च्या शिरगणतीत साडेसतरा लाखांच्या घरात गेली. वर्ग तंबूंत भरले. घरात पंजाबी, वडिलांचं लिहिणं-वाचणं उर्दूत आणि मुलाच्या पाटीवर नागरी अक्षरं. पुढे कित्येक घरांत वडिलांची पत्रं मुलांना वाचता येईनात. या नुकसानाची नोंद कुठल्याच प्रगतिपुस्तकात नाही, आणि मला ते फार मोठं वाटतं.

बांधकाम मजुरांची मुलं तर शाळेच्या हिशेबातच नव्हती. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम राजघाटाजवळ चालू असताना, मीरा महादेवन यांना धुळीत पडलेली तान्ही मुलं दिसली. त्यांनी तिथेच पाळणाघर सुरू केलं आणि त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था वाढली. मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल तर शाळेने त्याच्यापाशी जावं, हा विचार आजही तितकाच गरजेचा आहे.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं, असंही त्यात आहे. पण बुंदेली किंवा मैथिली बोलणारं मूल ‘हिंदीचंच’ धरलं जातं आणि त्याचं गप्प बसणं मठ्ठपणात जमा होतं. कागदांची भीती वेगळीच. रोहिंग्या मुलांच्या शाळाप्रवेशाचा प्रश्न २०२५ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्याच वर्षी जुलैत, गुरुग्राममधल्या पोलीस तपासणीनंतर, बंगाली बोलणारी अनेक कुटुंबं भीतीने गाव सोडून गेली. अशा वेळी मुलांची शाळा सुटते ती वर्षाच्या मध्यावरच.

अशी शाळा सुटू नये म्हणून महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड निघालं. अंमलात उणिवा आहेत, पण मूल दुसऱ्या गावी गेलं तरी त्याचं शिक्षण चालू राहावं, हे त्यात मान्य केलेलं आहे. राजधानी परिसरात तर बाप नोएडाचं काम संपवून गुरुग्रामला गेला की मुलाचं राज्यच बदलतं. दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांनी मिळून एकच कार्ड काढावं, तिन्हीकडे ते चालावं आणि घरची भाषा कोणती हे त्यावर ठळक लिहिलेलं असावं.