आधी भागाकार

सकाळी ७.५०. रात्रपाळीचा रेसिडेंट ओव्हर देतोय. "सहा नंबरच्या आजी, न्यूमोनिया, रात्रभर बायपॅपवर, दमल्यात." ट्यूब लागेल का, हे मी विचारत नाही. लागली तर काय बिघडेल, ते सांग म्हणतो.

८.३०. आजींना तोंड उघडायला लावलं. पडजीभ स्वच्छ दिसते, मान वळते, रात्री घोरत नाहीत. मकोचा स्कोअर १२ पैकी १, तोही रेसिडेंट भूलतज्ज्ञ नाही म्हणून. तीन झाले की घसा अवघड धरायचा. रेसिडेंट निर्धास्त. मी मॉनिटर दाखवला: नाडी १२४, वरचं बीपी ९६. "कर भागाकार." १.३. हा आकडा ०.९ च्या वर गेला की माझी झोप उडते.

मकोचा घसा बघतो, बीपी बघत नाही. आणि पेशंट बहुतेक वेळा हरतो तो बीपीपाशीच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्ट्यूब अभ्यासात २९ देशांतले, ट्यूब घातलेले २,९६४ पेशंट होते. ४२.६ टक्क्यांचं रक्ताभिसरण ढासळलं, ९.३ टक्क्यांचा ऑक्सिजन फार खाली गेला, ३.१ टक्क्यांचं हृदय थांबलं. आजी स्वतःच्या अॅड्रेनलिनवर तगून असतात. भूल दिली की तो आधार जातो. वर व्हेंटिलेटर छातीत हवा रेटतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. आधी अर्धा लिटर सलाइन सोडायची आमची जुनी सवय, पण २०२२ च्या मोठ्या चाचणीत सरसकट दिल्यानं बीपी कोसळायचं काही टळलं नाही. म्हणून बीपी चढवणारं नॉरअॅड आधीच जोडून ठेवलं.

११.४०. आजींना ग्लानी. सॅच्युरेशन ८६. सुनेला सांगून झालं, सही झाली.

"सर, कवळी काढू?"

"आत्ता नको, सिस्टर. गाल बसले तर मास्क धरणार नाही. ब्लेड घालायच्या क्षणी काढा."

नॉरअॅड सुरू. केटामाइन निम्मं, रोक्युरोनियम भरपूर. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, बूजी, पहिल्याच खेपेला ट्यूब आत. कॅप्नोग्राफवर चौकोनी लाटा. सगळ्यांचे खांदे सैल पडतात, कुणी हातमोजे काढतं. मी कुणाला हलू देत नाही.

११.५२. बीपी ७४. नॉरअॅड दुप्पट, व्हेंटिलेटरचा दाब थोडा कमी. १२.०५ ला ९८. मग चहा, गार झालेला.

४.००. सून कवळीची डबी घरी न्यायला आली. मावशींनी डबीवर बेड नंबर चिकटवलाय. "राहू दे इथंच," मावशी म्हणाल्या, "नळी निघाली की पहिली हीच मागतील."

४.२०. कॅज्युअल्टीचा फोन: वजनदार गृहस्थ, मान आखूड, रात्री श्वास अडकतो, बीपी छान. इथे भागाकाराचा उपयोग नाही. भूलतज्ज्ञांना खाली पाठवलं आणि मागोमाग मीही निघालो.